तोंड आलंय? आधी तारीख सांगा!

सोमवार सकाळ. साडेनऊला मीटिंग, प्रेझेंटेशन तुमचं. रविवारी रात्री एक वाजेपर्यंत स्लाइड्स करत बसलात, आणि सकाळी ब्रश करताना खालच्या ओठाच्या आत काहीतरी चुरचुरलं. आरशासमोर ओठ खाली ओढून बघता तर काय, पांढरट ठिपका आणि भोवती लालभडक कडा. आकार म्हणाल तर साबुदाण्याएवढा. पण दुखणं असं, की 'प' आणि 'ब' असलेला एकही शब्द धड उच्चारता येत नाही. आणि तुमच्या प्रेझेंटेशनचं नाव काय, तर 'बजेट प्लॅनिंग'!

मग सुरू होते आपली ऑफिस-ओपीडी. शेजारच्या क्यूबिकलमधली म्हणते, "बी कॉम्प्लेक्स घे." टीम लीडर म्हणतो, "पोट साफ नाहीये तुझं." एचआरवाली तिच्या ड्रॉवरमधून अर्धी पिळलेली जेलची ट्यूब काढून देते (तुमच्या आधी ती कुणाकुणाच्या बोटाला लागलीये, हा विचार करायचा नाही). आणि हे सगळं नको असेल तर फोन आहेच. दहा मिनिटांत ट्यूब दारात.

या सगळ्या गडबडीत एक साधा प्रश्न कोणीच विचारत नाही. मलाही कधी कुणी विचारला नव्हता. तो पहिल्यांदा विचारला गेला वडवणीत, एका मेडिकलच्या काउंटरवर.

वडवणी कुठे, असं विचारणाऱ्यांसाठी सांगते. बीडहून परळीच्या रस्त्याला लागलं की येतं ते तालुक्याचं गाव. तालुका झाला १९९९ मध्ये, म्हणजे वयानं तुमच्या-माझ्याच बरोबरीचा. तिथे माझी आत्या राहते. दर दिवाळीला मी पुण्याहून एसटीत बसते, अहिल्यानगर मागे पडतं, बीडला गाडी बदलते आणि दुपारपर्यंत आत्याच्या ओट्यावर बसून ठेचा-भाकरी खात असते. त्या वर्षी मात्र भाकरीचा पहिला तुकडा तोंडात गेला आणि डोळ्यांतून पाणी आलं. तोच साबुदाणा. क्वार्टर-एंडची सगळी टेन्शन्स माझ्या ओठाच्या आत गोळा झाली होती.

आत्यानं काय करावं? मागच्या दारी गेली आणि जाईचा पाला घेऊन आली. "चाव. थुंकून टाक. दोन दिवसांत बरं होतं." मी दोन दिवस शेळीसारखी पाला चावत बसले. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. पण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी आतेभावाला गाडी काढायला लावली आणि आम्ही स्टँडजवळच्या मेडिकलवर गेलो.

दिवाळीचे दिवस म्हणजे बीड जिल्ह्यात ऊसतोडीला निघायचे दिवस. दसरा झाला की मुकादमांची लगबग सुरू होते. उचल घेतलेली जोडपी, ज्यांना तिकडे 'कोयता' म्हणतात, ट्रक-ट्रॅक्टर भरून पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जातात. गेले की थेट पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर परत. पाच-सहा महिने तरी. त्यामुळे मेडिकलवर त्या दिवशी लोक वाण्याकडे किराणा भरतात तशी औषधं भरत होते. अंगदुखीच्या गोळ्या, बाम, मलम, पोरांच्या तापाचं औषध.

आमच्या पुढे एक माणूस होता. चाळिशीचा असेल. त्याला हवी होती तोंडात लावायची ट्यूब, आणि एक नाही, तीन. म्हणजे हंगाम निघेल.

मेडिकलवाल्या काकांनी विचारलं, "किती दिवस झालं?"

"झालं की महिना-दीड महिना."

"एकाच जागी?"

"हौ. जिभेच्या बाजूला. पण दुखत नाही जास्त."

काकांनी हातातली ट्यूब परत खोक्यात ठेवली. म्हणाले, "ही तुझ्यासाठी नाही. जायच्या आधी अंबाजोगाईला दाखवून ये. तिकडं गेलास की चैतापर्यंत येत नाहीस तू." तो माणूस थोडा वेळ उभा राहिला. गाडी परवा निघणार होती म्हणे. मग बामची बाटली घेऊन गेला. पुढे तो अंबाजोगाईच्या मेडिकल कॉलेजला गेला की ट्रकमध्ये बसला, मला माहीत नाही. पण ते "दुखत नाही जास्त" माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही.

नंबर माझा. "किती दिवस?"

"तीन."

"याआधी कधी?"

"सहा महिन्यांपूर्वी असेल. दुसऱ्या गालात."

"मग घ्या," असं म्हणून त्यांनी ट्यूब पुढे केली. बस्स. तीस सेकंदांचा संवाद, पण पुण्यातल्या कुठल्याही एसी दुकानात माझ्याशी कुणी केला नव्हता.

साबुदाण्याचं गणित

पुण्यात परतल्यावर मी माझ्या डेंटिस्टला याबद्दल पिळून काढलं. तिनं सांगितलं ते असं. ओठांच्या आत, गालाच्या आत, जिभेच्या कडेला किंवा खाली येणारे हे छोटे गोल व्रण आठ-दहा दिवसांत, फार तर दोन आठवड्यांत आपोआप भरून येतात. व्रणही मागे राहत नाही. तुम्ही जेल लावा, पाला चावा, गुलकंद खा किंवा बॉसला शिव्या घाला, तो बरा होणारच असतो. मग आपण शेवटी जे केलं असेल त्याला क्रेडिट मिळतं. आत्याचा जाईचा पाला, एचआरची ट्यूब आणि टीम लीडरचं इसबगोल, तिघांचाही सक्सेस रेट म्हणूनच इतका सही!

याचा अर्थ ट्यूब फालतू आहे असा नाही. ते दहा दिवस जेवता-बोलता यावं, एवढंच तिचं काम. फक्त कुठली ट्यूब काय करते ते माहीत हवं.

एक प्रकार बधिर करणारा. त्यात बेन्झोकेन किंवा लिग्नोकेन असतं. जेवणाआधी पाच-दहा मिनिटं, कापसानं जागा कोरडी करून, मुगाच्या दाण्याएवढं लावायचं. ओल्या जागेवर फासलं तर अर्धं थुंकीबरोबर पोटात. आणि लावल्या लावल्या कटिंग चहा नको, कारण बधिर तोंडाला चटका कळत नाही. गाल चावला जातो तेही कळत नाही. म्हणजे एक व्रण बरा करायला जाऊन दुसरा फुकट. दोन वर्षांच्या आतल्या बाळांना बेन्झोकेन अजिबात लावायचं नाही. रक्तातल्या ऑक्सिजनचा घोळ होऊ शकतो.

दुसरा प्रकार कोलीन सॅलिसिलेटचा. हा अ‍ॅस्पिरिनचा नातेवाईक. सूज आणि दुखणं कमी करतो. पण ज्यांना अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी आहे त्यांनी आणि १६ वर्षांच्या आतल्या मुलांनी यापासून लांब राहायचं. घरी भाचे-पुतणे असतील तर ही ट्यूब वरच्या फळीवर ठेवा.

तिसरी स्टेरॉइडवाली, ट्रायमसिनोलोनची पेस्ट. रात्री झोपताना थोडीशी लावतात, व्रण लवकर आटोपतो. पण ही डॉक्टरांना विचारूनच. तोंडात बुरशी किंवा विषाणू असेल आणि तुम्ही त्यावर स्टेरॉइड लावलंत, तर त्यांची दिवाळी.

आणि सगळ्यात स्वस्त उपाय? ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ. दिवसातून तीन-चार वेळा गुळण्या. चकाचक बाटलीत मिळत नाही म्हणून आपल्याला त्याची किंमत नाही. तूप लावा, हरकत नाही, चुरचुर कमी होते. मोठ्यांनी मध लावायलाही हरकत नाही, पण वर्षाच्या आतल्या बाळाला मध नाही म्हणजे नाही. तान्ह्या बाळाच्या तोंडात बोरोग्लिसरीनही नाही, आजी कितीही आग्रह करू दे. तुरटी घासणं, चुना लावणं हे प्रकार मात्र सोडा. जळतंय म्हणजे बरं होतंय, हे लॉजिक कुणी काढलं देव जाणे.

माउथवॉशचं वेगळं आहे. क्लोरहेक्सिडिनचा गुलाबी माउथवॉश दहा मिली, अर्धा-एक मिनिट, दिवसातून दोनदा. व्रणात जंतू वाढू नयेत म्हणून ठीक. पण ब्रश केल्यावर लगेच नको, टूथपेस्टच्या फेसानं त्याचा जोर जातो. अर्धा तास जाऊ द्या. आणि 'आवडला म्हणून' सहा महिने चालू ठेवायचा नाही. दातांवर तपकिरी डाग पडतात, तोंडाची चव जाते. आमच्या ऑफिसमधल्या एकानं 'फ्रेश' वाटतं म्हणून वर्षभर वापरला आणि मग दात पिवळे झाले म्हणून व्हाइटनिंगला पैसे घातले. दोन आठवडे, की बाटली बंद.

बी कॉम्प्लेक्सचं काय? आपल्याकडे ही जवळजवळ श्रद्धा आहे. शरीरात बी-१२, फॉलिक अ‍ॅसिड किंवा लोह खरंच कमी असेल तर तोंड वारंवार येतं, हे खरं. आणि आपल्यासारख्या डब्यात चपाती-बटाटा नि संध्याकाळी वडापाव खाणाऱ्यांत, त्यातही शाकाहारी लोकांत ते कमी असूही शकतं. पण म्हणून वर्षभर अंदाजानं कॅप्सूल गिळत बसण्यापेक्षा एकदा रक्त तपासा ना. कमी असेल तर डॉक्टर नीट डोस देतील. कमी नसेल तर कॅप्सूलनं फक्त लघवी पिवळी होते.

दर दोन-तीन महिन्यांनी तोंड येत असेल तर आधी संशयितांची यादी करा. टोकदार दात किंवा फिलिंगची कड. दगडासारखा कडक ब्रश. रात्रीची झोप. पाळीच्या आधीचे दिवस. घरात आई-वडिलांना हाच त्रास. टूथपेस्टमधलं सोडियम लॉरिल सल्फेट नावाचं फेसकारकही काहींना चालत नाही. महिनाभर ते नसलेली पेस्ट वापरून बघा. यांतलं कुठलंच कारण नसेल, किंवा जोडीला डोळे लाल होणं, सांधे दुखणं, वारंवार जुलाब, वजन उतरणं असेल तर मग हा तोंडाचा प्रश्न नाही. फिजिशियनला गाठा.

बाकीची मंडळी थोडक्यात

ओठाच्या आत नाही, बाहेर कडेला, तापानंतर बारीक पाणीदार पुळ्यांचा घोस आला? हा विषाणू आहे, हर्पीस सिम्प्लेक्स. नाव ऐकून घाबरू नका, बहुतेकांना तो लहानपणीच भेटलेला असतो. चुणचुण सुरू झाल्याबरोबर अ‍ॅसिक्लोविरचं मलम दिवसातून पाच वेळा लावलं तर थोडा फायदा. पुळ्या फुटून खपली धरल्यावर लावून उपयोग नाही. तोवर कुणाच्या बाळाची पापी घ्यायची नाही, लिपस्टिक शेअर करायची नाही.

जिभेवर, गालात दह्यासारखा पांढरा थर, पुसला तर निघतो आणि खाली लाल? ती बुरशी. दम्याचा स्टेरॉइड पंप ओढून चूळ न भरणाऱ्यांना होते, अँटिबायोटिक्सच्या कोर्सनंतर होते. क्लोट्रिमॅझोलचे थेंब लावून जाते. पण तिशीतल्या माणसाला काही कारण नसताना झाली तर शुगर तपासा. आणि पांढरा चट्टा पुसूनही निघत नसेल तर तो या यादीतलाच नाही, त्याला थेट डेंटिस्टची अपॉइंटमेंट.

हिरड्यांतून रक्त येतं म्हणून ब्रश बंद करणारे महाभाग मी पाहिलेत. उलटं असतं राजा. मऊ ब्रश घ्या, दोन वेळा, दोन-दोन मिनिटं, हिरडीच्या कडेपर्यंत. दोन आठवड्यांत रक्त थांबलं नाही तर आत दगड साचलाय, तो कुठल्याही पेस्टनं जाणार नाही, क्लीनिंगच करावं लागतं. क्लीनिंगनं दात हलतात ही अफवा. दगडामुळे हिरडी सुटते आणि दात हलतात. आणि सिगरेटवाल्यांनो, तुमच्या हिरड्यांतून रक्त येत नाही म्हणून खूश होऊ नका. सिगरेट रक्त लपवते, रोग नाही.

दाढदुखीवर मात्र जरा थांबते, कारण इथे आपण सगळ्यात जास्त गाढवपणा करतो. रात्री दोनला दाढ ठणकायला लागली की अ‍ॅस्पिरिनची गोळी दाढेपाशी दाबून धरणारे लोक आहेत. गोळीला पोटात जाऊन काम करायचं असतं. गालात धरली तर कातडी भाजते, पांढरी होऊन सोलून निघते. लवंगेचं तेल चालतं, पण कापसाच्या बोळ्याला थेंबभर आणि फक्त दातावर. हिरडीवर ओतलं तर तेही भाजतं. पॅरासिटामॉल घ्या, पाकिटावरच्या मात्रेत. आयबुप्रोफेन घेणार असाल तर पोटात काहीतरी घालून, आणि अल्सर, दमा, किडनीचा त्रास किंवा प्रेग्नन्सी असेल तर नाहीच. पण मित्राच्या उरलेल्या स्ट्रिपमधल्या अँटिबायोटिकच्या तीन गोळ्या? प्लीज नको. स्ट्रिपवर उभी लाल रेघ दिसते ना, ती डिझाइन म्हणून नसते. चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही, एवढाच तिचा अर्थ. दाढेची कीड गोळीनं बरी होत नाही, ती फक्त तुमच्या पुढच्या डेडलाइनपर्यंत गप्प बसते. आणि गाल सुजला, ताप आला, गिळता येईना किंवा तोंड उघडेना, तर सकाळची वाट बघू नका. त्याच रात्री हॉस्पिटल.

दाढ दुखली म्हणून तंबाखूची चिमूट दाबायची, हा गावाकडचा उपाय. कित्येक बायकांची मिश्री अशीच सुरू झालेली असते, एका दाढेपासून. तंबाखूवाल्या दंतमंजनावर केंद्र सरकारनं १९९२ मध्ये बंदी घातली. पण मिश्री घरी तव्यावर भाजली जाते, तिला कोण अडवणार? आत्याची शेजारीण गेली तीस वर्षं मिश्री लावते आणि मला विचारते, "पुण्यात चांगला दाताचा डॉक्टर आहे का गं?"

आता आतेभावाचं

मुद्दाम मागे ठेवलं होतं, कारण हे लिहायला जड जातंय.

माझा आतेभाऊ सव्वीस वर्षांचा. पुण्यात नोकरी करतो, वाहन-कर्जाचे हप्ते वसूल करायचं काम. दिवसभर टू-व्हीलरवर. गुटखा खात नाही, सिगरेट ओढत नाही. अभिमानानं सांगतो, "ताई, तंबाखूला हात नाही लावला कधी." खातो ती नुसती सुपारी. कॉलेजपासून. कामात झोप येऊ नये म्हणून, तोंडात काहीतरी असावं म्हणून. दिवसाला सात-आठ पुड्या.

उन्हाळ्यापासून त्याला 'तोंड येत' होतं. तो फोन करायचा आणि मी, तुमची ही सगळं कळणारी कॉलमवाली, त्याला ट्यूब ऑर्डर करून पाठवायचे. सोबत बी कॉम्प्लेक्स. एकदा नाही, तीनदा. एकदाही विचारलं नाही, किती दिवस झाले म्हणून.

त्या दिवाळीत जेवताना आत्या त्याच्या ताटात वरण-भात वाढत होती आणि कौतुकानं म्हणाली, "तिखट सोडलंय बघ ह्यानं. पुरता पुण्याचा झालाय." सगळे हसले. मीही. बीडचा पोरगा, लहानपणी हिरव्या मिरचीचा ठेचा नुसता बोटानं चाटणारा, तो ठेच्याला हात लावत नाही आणि आम्हाला ते स्टाइल वाटलं.

मेडिकलवर माझी ट्यूब बॅगेत जात होती तेव्हा तो म्हणाला, "काका, माझ्यासाठी पण एक द्या."

"तुला किती दिवस?"

"माझं काय, येतं-जातं. तिखट लागलं की जळतंय."

काकांनी चष्मा वर केला. "तोंड उघड. अजून. आता तुझीच तीन बोटं घाल, एकावर एक, उभी."

पहिलं, मधलं आणि अंगठीचं बोट. वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांच्या मध्ये. तुमची तीन बोटं जातील, आत्ताच करून बघा, कुणी बघत नाहीये. त्याची दोन गेली. तिसरं बोट दातांना टेकून उभं राहिलं. तो हसला, त्याला गंमत वाटली. मला नाही वाटली.

काका म्हणाले, "मी डॉक्टर नाही. पण ट्यूब देत नाही तुला."

या आजाराचं नाव ओरल सबम्यूकस फायब्रोसिस. वैद्यकीय साहित्यात त्याची पहिली नोंद १९५२ ची, केनियात राहणाऱ्या भारतीय बायकांमधली. नाव मिळालं ते १९५३ मध्ये आपल्या मुंबईत, डॉ. एस. जी. जोशी यांच्याकडून. म्हणजे सत्तर वर्षांहून जास्त काळ हे आपल्या घरचंच दुखणं आहे. सुपारीतल्या अर्कानं आणि तिच्यातल्या तांब्यानं गालाच्या आतल्या मऊ कातडीखाली तंतू साठत जातात. आधी तिखट झोंबतं. मग फोड-व्रण येतात आणि जातात. मग गालाचा रंग फिकट, संगमरवरासारखा होतो, आत बोट फिरवलं तर दोरीसारख्या पट्ट्या लागतात. शिट्टी वाजत नाही, फुगा फुगत नाही. आणि तोंड हळूहळू कमी उघडायला लागतं, इतकं हळू की माणूस घास लहान करत जातो आणि त्याच्या लक्षातही येत नाही. झालेलं पूर्ण मागे फिरत नाही. आणि काही जणांत तिथेच पुढे कॅन्सर होतो.

"पण तंबाखू नाही ना त्यात!" हे वाक्य तो डेंटिस्टसमोरही बोलला. तंबाखू लागतच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं २००४ मध्ये छापलेल्या अहवालात नुसत्या सुपारीलाही कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलंय. महाराष्ट्रात २०१२ च्या जुलैत गुटखा आणि पानमसाल्यावर बंदी आली, पुढे सुगंधित सुपारीही तिच्यात आली. टपरीवर काय मिळतं आणि काय मिळत नाही, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. माझ्या ऑफिसखालच्या टपरीवर लंचनंतर जी गर्दी असते तिच्यात टाय लावलेलेच जास्त असतात. 'माउथ फ्रेशनर' म्हणतात ते त्याला.

भाऊबीज झाली आणि तिसऱ्या दिवशी आम्ही छत्रपती संभाजीनगरच्या सरकारी डेंटल कॉलेजला गेलो. ओपीडीच्या बाकावर त्याच्याच वयाची पोरं बसली होती. एकाची आई त्याच्यासाठी पातळ खिचडीचा डबा घेऊन आली होती. डॉक्टरनं मोजपट्टी लावली. तेवीस मिलिमीटर. साधारण पस्तीसच्या पुढे असायला हवं. बायोप्सी केली. रिपोर्टची वाट बघायचे ते दिवस मी लिहिणार नाही. कॅन्सर नव्हता.

सुपारी त्याच दिवशी बंद, ही पहिली अट. बाकी औषधाच्या गोळ्या, गालात आठवड्याला एक इंजेक्शन आणि तोंडाचा व्यायाम. व्यायामाला लागतात आइस्क्रीमच्या लाकडी काड्या. एकावर एक रचून चवड करायची, दातांमध्ये सरकवायची, धरून ठेवायची, दिवसातून चार-पाच वेळा. काही दिवसांनी चवडीत एक काडी वाढवायची.

सुपारी सोडणं सोपं गेलं नाही. पहिले पंधरा दिवस तो सगळ्यांवर खेकसत होता, आत्यावर, हप्तेवाल्यांवर, माझ्यावर. खिशात बडीशेप ठेवायचा, लवंग ठेवायचा, मध्येच गायब व्हायचा. एकदा पुडी खाल्ली आणि फोन करून रडला. मी काही ग्रेट बोलले नाही. म्हटलं, काड्या किती झाल्या?

तो एक प्रश्न आता आमच्यात रोजचा झालाय. आत्यानं वडवणीच्या घरी पण काड्यांचा एक गठ्ठा रबर लावून देवघराशेजारच्या कोनाड्यात ठेवलाय, तो गेला की विसरायला नको म्हणून. सुरुवात तेराची होती. गेल्या रविवारी त्याचा फोन आला. "सतरा, ताई. अठरावी अर्धी जाते." मी विचारलं, तिखट? म्हणाला, वरणात चिमूटभर चटणी घातली होती आत्यानं, झोंबली, पण खाल्ली.

ठेचा अजून नाही.